आबाजींचा माइंडसेट

काल रात्री दहाला लाईन, म्हणजे वीज, आली, ती पहाटे साडेचारला गेली. हरभऱ्याला दुसरं पाणी चालू आहे. स्प्रिंकलरचे पाइप चारदा उचलून मांडले. दोन नोझलमध्ये कचरा अडकला होता, तो काकडलेल्या बोटांनी काढता काढता नख उखडलं. मध्येच धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, रोही (नीलगायी) येऊन उभे राहिले, त्यांच्यामागे बॅटरी घेऊन पळालो. पाचला घरी आलो, चुलीपुढं पाय शेकत बसलो आणि मोबाइल उघडला. पाच वाजून दहा मिनिटांनी गावच्या ग्रुपवर मेसेज पडलेला.

"तुम्ही झोपेत असता तेव्हा यशस्वी माणूस आपलं भविष्य घडवत असतो."

खाली उगवता सूर्य आणि डोंगराच्या टोकावर हात पसरून उभा असलेला एक सुटाबुटातला माणूस. डोंगरावर सूट घालून कोण जातं, हे मला अजून कळलेलं नाही.

एरवी मी हसून सोडून देतो. हे सुविचार पाठवणारा माझा वर्गमित्र आहे. नाव नाही लिहीत, तो ही पोस्ट वाचणारच आहे. नागपूरला प्लॉटिंगमध्ये त्याचं बरं चाललंय. गेली दोन वर्षं रोज सकाळी 'यशस्वी लोकांच्या सवयी' तो न चुकता आमच्यावर टाकतो. ॲपल कंपनीवाले टिम कुक पावणेचारला उठतात, तर मग तुम्ही का नाही? अरे उठत असतील बापा. आमच्या गावात पावणेचारला जाऊन पहा, अर्धं गाव वावरात असतं. फरक एवढाच की त्याला आम्ही 'मॉर्निंग रुटीन' म्हणत नाही, 'लाईन रातची आहे' म्हणतो.

आजही हसून सोडलं असतं. पण फोटोखाली सात मुद्द्यांची यादी होती, तिच्यातल्या पाचव्या मुद्द्यावर अडकलो. तिथं लिहिलं होतं, गरिबी ही परिस्थिती नसते, मानसिकता असते. आणि त्या मेसेजवर पहिला अंगठा माझ्या पुतण्याचा होता.

पुतण्या बावीस वर्षांचा आहे. पोलीस भरतीची तयारी करतो. रोज साडेचारला डांबरी रोडवर सोळाशे मीटर मारतो, दुपारी अभ्यासिकेत बसतो. मागच्या भरतीत दोन मार्कांनी राहिला. तेव्हापासून त्याच्या खोलीच्या भिंतीवर स्केचपेननं लिहिलेले कागद वाढत चाललेत. डिसिप्लिन. फोकस. माइंडसेट. मी म्हटलं, ठीक आहे, पोट्ट्याला त्यातून बळ मिळत असेल तर मिळू दे.

तर सकाळी तो रनिंगहून आला, चहा घेऊन माझ्याजवळ बसला आणि अगदी साधेपणानं म्हणाला, "काका, आबाजी एवढी मेहनत करत होते, तरी कर्जातच गेले ना. म्हणजे त्याईचा माइंडसेटच नोता का?"

त्यानं हे कुत्सितपणे विचारलं असतं तर मी कानाखाली दिली असती. पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याच्यानं काही बोलवलं नाही. चहा थंड झाला. मी उठलो आणि लोखंडी पेटीतून बाबांच्या वह्या काढल्या.

आमचे बाबा, म्हणजे पुतण्याचे आबाजी, सातवी शिकलेले. १९८६ पासून २०१९ पर्यंत रोज वही लिहीत. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, दरवर्षी दिवाळीला नवी. रात्री जेवण झालं की कंदिलाजवळ, पुढं बल्बखाली, आणि लाईन नसली की बॅटरी तोंडात धरून. तीनचारच ओळी. पाऊस किती वाजता आला, कोण मजूर होतं, काय दिलं, किती बोजे निघाले. एक दिवस सुटलेला नाही. ताप असला तरी लिहिलंय, "ताप. वावरात नाही." माझ्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी लिहिलंय, "पोरीचं लगन झालं. रात्री बैलाईले पाणी पाजलं." बस एवढंच. त्या दिवशी मांडवात ते रडले होते, मी पाहिलं आहे. वहीत रडणं नाही, बैल आहेत.

आणि या माणसाचा माइंडसेट काढता तुम्ही?

आता मला राग येतोय तो पुतण्याचा नाही. ज्यांनी त्याला हा प्रश्न विचारायला शिकवला त्यांचा. तेहतीस वर्षं रोज लिहिणाऱ्या माणसाच्या नातवाला आपल्या आजाच्या डोक्यातच काही खोट होती असं वाटायला लागलं, आणि तेही कुठल्यातरी सुटातल्या माणसाच्या फोटोमुळं. हे लागतं राव.

त्याच पेटीत २०१४ ची वही आहे. तो फेब्रुवारी-मार्च आठवतो ना? विदर्भ, मराठवाड्यात गारा पडल्या होत्या. आमच्या कळंब तालुक्यात काढणीला आलेला हरभरा उभा झोपला. बाबांनी लिहिलंय, "गारा. हरभरा गेला. गहू अर्धा." दुसऱ्या दिवशीची नोंद, "धुरा साफ केला." हरभरा गेल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस धुरा साफ करतो. कशासाठी केला, विचारायचं राहून गेलं. ज्यांना मानसिक ताकद वगैरे शिकवायची आहे त्यांनी आधी या ओळीजवळ दोन मिनिटं बसावं. २०१७ च्या वहीत, "पाचवी फवारणी. अळी बोंडातच. डोळे चुरचुरते." त्या वर्षी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, हे तुम्हाला मी सांगायला नको. बोंडअळी बोंडाच्या आत बसलेली, वरून कितीही मारा, तिला काय? ती पहाटे पाचला उठणाऱ्याचं बोंड सोडत नाही, आणि आठला उठणाऱ्याचंही नाही.

बरं, या यशस्वी लोकांचं तरी अर्धंच सांगतात. बिल गेट्सनं कमी वयात प्रोग्रामिंग सुरू केलं, हे सांगतील. १९६८ मध्ये सिएटलमधल्या त्याच्या शाळेत पोरांच्या आयांच्या मंडळानं जुन्या सामानाची विक्री केली आणि त्या पैशातून कॉम्प्युटरचं टर्मिनल आणलं, तेव्हा तो आठवीतलं पोरगं होता, हे नाही सांगणार. माझ्या शाळेत कॉम्प्युटर आला तो १९९८ ला. त्यावर गुलाबी कव्हर होतं. दहावी झाली तरी कव्हर निघालं नाही, आम्ही त्याची आयुधपूजा तेवढी केली. अमेझॉनवाल्या जेफ बेझोसनं गॅरेजमधून धंदा सुरू केला, हे सगळ्यांना पाठ आहे. १९९५ मध्ये आईवडिलांनी त्याच्या धंद्यात जवळपास अडीच लाख डॉलर टाकले, ते मेसेजमध्ये बसत नाही बहुतेक. शेअर बाजारातला बडा गुंतवणूकदार वॉरन बफे, त्यानं अकराव्या वर्षी पहिला शेअर घेतला. त्याचे वडील शेअर दलाल होते. आणि मजा म्हणजे हाच बफे स्वतः सांगतो की त्याला झोप आवडते, आठ तास झोपतो, पहाटे चारला कामावर जायची त्याला काही हौस नाही. हे आमच्या मित्राच्या ग्रुपवर टाकून पहा, काय होतं ते.

त्या लोकांनी मेहनत केली नाही असं मी म्हणत नाही. केली. हुशारही आहेत. हो, शिस्त लागतेच, तेही मान्य. बाबांच्या त्या वहीनंच एकदा आम्हाला वाचवलं होतं. एका दुकानदारानं उधारीत डीएपी खताच्या दोन बॅगा जास्तीच्या लावल्या होत्या. बाबांनी वही उघडून समोर ठेवली, तारीख, वार, कोणाच्या बंडीत आणल्या, सगळं. तो काही न बोलता खोडत बसला. तेव्हा वहीचा फायदा होतो. पण वही लिहिली म्हणून गारा थांबल्या नाहीत, आणि भावही वाढला नाही. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये होता. मला क्विंटलमागं त्याच्याहून हजाराच्या जवळ कमी मिळाले. आता यात माझी कोणती सवय चुकली, हे कोणत्या यशस्वी माणसाला विचारू?

आपल्याकडं शिकवणारे नव्हते असं थोडीच आहे. गाडगेबाबा आपलेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. तेही लोकांना रोज शिकवत, कर्ज काढून सण करू नका म्हणत. पण आधी खराटा घेऊन गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. पुढं देशाचे कृषिमंत्री झालेले पंजाबराव देशमुख त्याच जिल्ह्यातल्या पापळचे, शेतकऱ्याच्या घरचे. पोरांनी पहाटे उठून अभ्यास करावा असा सुविचार त्यांनी काढला असता तर कोणी नाही म्हटलं असतं का? त्यांनी अमरावतीत वसतिगृह काढलं. पोरगं कोणत्याही जातीचं असो, ताट आणि चटई एकच. गावातून आलेल्या पोराला आधी राहायला जागा दिली, उठायचं कधी ते त्याचं तो पाहील. आमच्या मित्रानं अभ्यासिकेत इन्व्हर्टर बसवून दिला तर मी त्याचे सगळे सुविचार फ्रेम करून लावीन. खरंच लावीन.

इथवर लिहिलं आणि जेवायला उठलो. परत येऊन वाचलं तर जरा जास्तच झालं वाटतं. पण खोडत नाही.

मित्राबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. २०१९ मध्ये बाबा गेले तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. दोन वाजता याची गाडी अंगणात उभी. नागपूरहून एकटाच चालवत आला. सकाळपर्यंत माझ्या बाजूला बसून होता, एक शब्द बोलला नाही. त्या दिवशी ग्रुपवर सुविचार नव्हता. तोही याच गावचा आहे, त्याचा बाप आमच्याच बाबांसोबत सरकी पेरायचा, लहानपणी आमच्याच बल्बखाली बसून त्यानं दहावी केली. तो वर गेला तो मेहनतीनं, आणि थोडा प्लॉटच्या भावानं. म्हणून मी ग्रुप सोडत नाही. शिवाय मयतीचा निरोपही त्याच ग्रुपवर येतो, राशन आलं की तेही तिथंच कळतं. सोडून जाणार कुठं?

पण भाऊ, तू वाचत असशील तर एक सांगतो. तो पाचवा मुद्दा मागे घे. बाकीचे सहा राहू दे. थंड पाण्यानं आंघोळ कर म्हण, पुस्तक वाच म्हण, गुळण्या कर म्हण, माझं काही म्हणणं नाही. पाचवा मुद्दा घे. तुह्या बापाची शपथ घालत नाही, पण तुह्या बापाचं वावर कोणत्या वर्षी विकलं आणि काऊन विकलं, ते तुले चांगलं ठाऊक आहे. त्यांचीही मानसिकताच होती का?

जाऊ दे.

दुपारभर पुतण्या पेटीजवळ बसून वह्या वाचत होता. मी मुद्दाम तिकडं गेलो नाही. संध्याकाळी ढोरं बांधत होतो तेव्हा २०१४ ची वही हातात घेऊन आला. म्हणे, "काका, हरभरा तर गेलाच होता. मग आबाजीनं दुसऱ्या दिवशी धुरा काऊन साफ केला?"

म्हटलं, "मले नाही माहीत रे."

तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणे, "आज रात्री मी येतो पाइप उचलाले."

म्हटलं, "सकाळी रनिंग आहे तुही. झोप."