होय ताई, मला ‘माहेरची साडी’ मनापासून आवडतो

तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्ही लिहिलंय, ‘इतकं वाचन असलेल्या माणसानं या रडक्या सिनेमाचं कौतुक करावं याचं वाईट वाटलं. त्यानं एका पिढीतल्या बायकांना सोसायला शिकवलं. हा सिनेमा तुम्ही स्वतःच्या मुलीला दाखवाल का?’ दोन ओळींत उरकावा असा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी जे मान्य आहे ते सांगतो. कथा एका सुरात रडते, पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं, योगायोग तर पावलापावलावर आहेत. आई बाळंतपणात गेली म्हणून बापानं पोरीला अवलक्षणी ठरवायचं आणि पोरीनं तरीही त्याच्याच मायेसाठी झुरायचं, हे आज बघताना माझ्याही अंगावर येतं. पण सोसायला या सिनेमानं शिकवलं, हे मला पटत नाही. तो १९९१ साली आला. आमच्या घरातल्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून सोसत होत्या.

मी तो पाहिला तेव्हा नऊ वर्षांचा होतो. गावच्या जत्रेत तंबू लागला होता. मधोमध दोरी, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. लहान म्हणून मी आत्याच्या मांडीला टेकून बायकांतच बसलो होतो. मशीन एकच, त्यामुळे रीळ बदलताना दिवे लागायचे. उषा नाडकर्णींची सासू अलका कुबलला छळत होती आणि ऐन त्या वेळी रीळ संपलं. दिवा लागला तेव्हा आत्याच्या तोंडात पदराचा बोळा होता. शेजारच्या बाईनं तिच्याकडे पाहिलं. ओळख ना पाळख, पण ती म्हणाली, “तुमचीबी अशीच हाय का?” आत्यानं बोळा काढला आणि बोलायला लागली. लग्नानंतर चार वर्षं तिला माहेरी पाठवलं नव्हतं, हे मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकलं. आमच्या घरी त्याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. पुढचं रीळ सुरू झालं तरी दोघींचं चालूच होतं आणि मागून कुणीही ‘गप बसा’ म्हणालं नाही. माझ्यासाठी ‘माहेरची साडी’ म्हणजे ती रात्र.

ताई, हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या, लाखाहून अधिक. त्यांत सासुरवास आहे, भावाची वाट पाहणं आहे, माहेरच्या चोळीची आस आहे. त्या ओव्यांना आपण लोकसाहित्य म्हणून मान देतो, आणि तो द्यायलाच हवा. मग जातं सुटल्यावर तेच दुःख तंबूतल्या पडद्यावर आलं, तर त्याला रडकं का म्हणायचं? बरं, ते काही आपल्याच मातीतलं नव्हे. विजय कोंडके यांनी ही कथा ‘बाई चाली सासरिये’ या १९८८ च्या राजस्थानी सिनेमावरून घेतली. तिथल्या बायकाही रडल्या, इथल्याही रडल्या, पुढे त्याचा हिंदी सिनेमाही झाला. एवढ्या बायकांना अक्कल नव्हती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि अभिनयाचं म्हणाल तर विक्रम गोखल्यांचा तो बाप पुन्हा एकदा बघाच. कथेतला सगळा भडकपणा त्यांच्या चेहऱ्यापाशी येऊन थांबतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. मुलीला दाखवला. ती सोळा वर्षांची आहे. गेल्या दिवाळीत आत्या आली होती, तेव्हा तिघं मिळून बघायला बसलो. अर्ध्या तासातच मुलगी चिडली. “ही घर सोडून निघून का जात नाही?” तिनं मला विचारलं होतं, पण उत्तर आत्यानं दिलं.

“कुठं जायचं गं?”

मुलीनं सिनेमा थांबवला आणि आत्याकडे तोंड करून बसली. “तू का नाही गेलीस?” मग आत्या सांगत राहिली. मी तंबूत ऐकलं होतं ते, आणि त्यापुढचं बरंच, जे मलाही ठाऊक नव्हतं. रात्री दीड वाजता उठून मी चहा टाकला. उरलेला सिनेमा अजून बघायचा राहिलाय.