तो एच खरं तर एच नाहीच

धर्मग्रामाच्या (चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समुदायाच्या) बोधचिन्हावरच्या लेखात त्यातलं आयएचएस (IHS) म्हणजे लॅटिन 'येशू, मानवांचा तारणारा' याची आद्याक्षरं असं ठोकून दिलंय, ते पटलं नाही. हा अर्थ नंतर जोडलेला आहे हो. मूळ आहेत ती येशूच्या ग्रीक नावाची पहिली तीन अक्षरं, आयोटा, ईटा, सिग्मा, आणि ग्रीक ईटा दिसतो एचसारखा, तिथेच सगळा घोळ. आम्हाला वसईत लहानपणी कोणीतरी 'आय हॅव सफर्ड' सांगितलेलं, मी कॉलेजपर्यंत तेच धरून बसलो होतो 😄

आणि या अक्षरांभोवतीचा किरणांचा सूर्यही जेजुइटांनी (कॅथलिक धर्मसेवकांच्या एका संघाने) शोधलेला नाही, सिएनाचा संत बर्नार्डिन पंधराव्या शतकातच, म्हणजे १५४० ला जेजुइटांचा संघ निघायच्या कितीतरी आधी, असा फलक घेऊन प्रवचनं करायचा. अक्षरांखालच्या तीन खिळ्यांबद्दल मात्र लेखात एक ओळ पण नाही!