फाटक भट्टीत घालू नका रे बाबांनो

परवा रात्री अकराला आमच्या दादाचा, म्हणजे मावसभावाचा, फोटो आला. अंगणात विटा रचून केलेली लांबलचक चूल, शेजारी कोळशाची पोती, आणि समोर आडवं टाकलेलं जुन्या घराचं लोखंडी फाटक. खाली लिहिलेलं, "उद्या सकाळी पेटवतोय, तुझ्याकडे ब्लोअर आहे ना?" मी लगेच फोन लावला तर म्हणे, अरे तो फॉरवर्ड वाच ना, सगळं स्टेप बाय स्टेप दिलंय.

वाचला. तीन वेगवेगळ्या ग्रुपवर मलाही आलेला होता, तेव्हा न उघडता सोडून दिला होता, तीच चूक झाली. "जुनं लोखंड नव्यासारखं करा, लोहारांचं विसरलेलं गुपित" असं काहीतरी नाव आणि वर आयफेल टॉवरचा फोटो. हा फोटो लक्षात ठेवा, कारण लिहिणाऱ्याला कळलेलंच नाही की त्याच्या जवळजवळ प्रत्येक मुद्द्याला तो फोटोच खोटा पाडतो.

मी लोहार नाही. दोन वर्षं एका लोहाराच्या हाताखाली भाता मारलाय, सांडशी धरलीये आणि शिव्या खाल्ल्यात, एवढीच माझी लायकी. पण या फॉरवर्डला उत्तर द्यायला तेवढी पुरते.

आधी सगळ्यात घातक मुद्दा. "जुना रंग खरवडत बसू नका, अख्खी जाळी किंवा फाटक आगीत लाल करा, रंग आपोआप जळून जाईल, आपले लोहार असंच करायचे."

दादाच्या फाटकाचा एक फोटो मी मोठा करून बघितला. रंगाचा पोपडा उडालेल्या जागी खाली नारंगी-लाल थर दिसत होता. तसा थर शेंदराचा असू शकतो. लोखंडाला गंज धरू नये म्हणून पूर्वी सर्रास शेंदराचा प्रायमर मारायचे, आणि कामही तो झकास करायचा, त्यात वाद नाही. पण शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. वरच्या जुन्या ऑइलपेंटमध्येही शिसं असू शकतं. आता हे सगळं कोळशाच्या आगीत घाला आणि वरून ब्लोअर मारा. लोखंड चांगलं लाल होतं तेव्हा ते सहा-सातशे अंशांच्या पुढे गेलेलं असतं, म्हणजे शिशाचा धूर आणि बारीक धूळ दोन्ही हवेत. अमेरिकेत जुन्या घरांचा शिशाचा रंग काढणाऱ्या कंत्राटदारांना उघडी ज्योत वापरायला बंदी आहे, हीटगनसुद्धा, म्हणजे गरम हवेने रंग सोडवायचं यंत्र, साधारण ५९३ अंशांच्या खालचीच चालते. आणि इथे आपण थेट भट्टी पेटवायला निघालोय.

शिवाय धूर विरला म्हणजे विषय संपला असं नाही. राख अंगणात पडते, मातीत मिसळते, आणि शिसं काही कुजत नाही, तिथेच राहतं. दादाची मुलगी चार वर्षांची आहे, दिवसभर त्याच अंगणात मातीत खेळते आणि तीच बोटं तोंडात घालते. जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते की शिशाची अमुक इतकी मात्रा सुरक्षित आहे, अशी पातळीच माहीत नाही, आणि सगळ्यात जास्त धोका लहान मुलांच्या मेंदूला. मी दादाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणतो, "अरे पण आधीचे लोक करायचेच की." हो, करायचे, आणि काय श्वासात घेतोय हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. तुला मी सांगतोय ना!

आता तो फोटो. आयफेल टॉवरवरचे रंगाचे जुने थर काढायचं काम चालू होतं, ते २०२१ च्या फेब्रुवारीत थांबवावं लागलं, कारण शिशाचं प्रमाण जास्त सापडलं. तिथे मास्क, सूट, तज्ज्ञ सगळं होतं, तरी काम थांबवलं. आणि आम्ही चूल रचून बसलोय.

मग रंग काढायचा कसा? कंटाळवाण्या पद्धतीने. पाणी फवारून ओला ठेवत खरवडायचा, चांगला मास्क लावायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, निघालेला चुरा गोळा करून बंद पिशवीत टाकायचा, पोरांना लांब ठेवायचं. आणि जो रंग घट्ट बसलाय, खाली गंज नाहीये, तो काढायचाच कशाला? राहू द्या.

दुसरा मुद्दा वाचून मी खरंच हसलो. "वाकलेला कुठलाही जुना भाग लाल करून हातोड्याने सरळ होतो, मग त्यावर गार पाणी ओता." कुठलाही? जुन्या फाटकात बहुतेक वेळा दोन जातीचं लोखंड असतं. उभे-आडवे गज घडीव लोखंडाचे, म्हणजे कार्बन जवळपास नाहीच, आत मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना उरलेल्या काचेसारख्या गाळाचे, बारीक धागे, उसासारखं रेषाळ. ते तापवून वाकवा, पिळा, ठोका, ऐकतं. पण वरचे भाले, फुलं, गोंडे बऱ्याचदा बिडाचे, साच्यात ओतलेले, कार्बन दोन ते चार टक्के. बीड हातोड्याला ऐकत नाही, फुटतं. आणि तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं तर हातोड्याचीही गरज नाही.

स्वतःचंच सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत एक वाकडा गज सरळ करायचा होता, टोकाला बिडाचं फूल होतं. मी सगळंच आगीत सरकवलं. गज ऐरणीवर छान सरळ झाला, तेवढ्यात शेवटचा घाव जरा पुढे पडला आणि "टक्" असा कोरडा आवाज आला. फुलाच्या दोन पाकळ्या जमिनीवर. मोडलेली बाजू करडी आणि दाणेदार, खडीसाखर मोडल्यासारखी. उस्तादांनी काही न बोलता पाकळ्या उचलून माझ्या हातात दिल्या, त्या अजून गरम होत्या. आणि गजाला पांढरी आच देऊन जोड मारायला गेलात तर अजून मजा, ती आच तेराशे अंशांच्या आसपास जाते आणि बीड साडेअकराशे-बाराशेलाच वितळतं. फूल सरळ कोळशात गळेल. म्हणून आधी ओळखा: बिडावर कुठेतरी साच्याच्या जोडाची बारीक रेघ सापडते, एकासारखी एक हुबेहूब फुलं असतात. घडलेल्या फुलात प्रत्येक पान जरासं वेगळं निघतं.

तिसरा मुद्दा, "रिव्हेट ही जुन्या लोकांची मजबुरी होती कारण वेल्डिंग माहीत नव्हतं, आता सरळ वेल्ड मारा." (रिव्हेट म्हणजे भोकातून घालून टोक ठोकून बसवलेली खीळ.) इथे तर डोकंच फिरलं. आगीत तापवून घणाने जोड मारणं हे वेल्डिंगच आहे आणि ते फार जुनं आहे. याच फॉरवर्डमध्ये खाली ज्या दिल्लीच्या लोहस्तंभाचं कौतुक केलंय तो लोखंडाचे गोळे असेच तापवून, ठोकून एकजीव केलेला आहे! आयफेल टॉवरमध्ये २५ लाख रिव्हेट आहेत. एका रिव्हेटला चार माणसं लागायची, एक तापवणारा, एक धरणारा, एक डोकं घडवणारा, एक घण मारणारा. रिव्हेट गरम असताना बसवतात आणि गार होताना ती आकसून दोन्ही पट्ट्या आवळून धरते, फाटकावर दोन गजांभोवती गुंडाळलेली पट्टीही तशीच. ती काढून तिथे वेल्डचा गोळा ठेवलात तर घडीव लोखंडातली मळी जोडात येते, वरवर चिकटतं, आतले थर तसेच सुटे. बरं, एखाद्या वेळी वेल्डशिवाय इलाजच नसतो हे मलाही माहितीये, चांगले लोहारसुद्धा गरज पडली तर मारतात. पण ती पहिली पायरी नाही, आणि वेल्डमध्ये पुरलेली रिव्हेट उद्या कुणाला सरळपणे उघडता येत नाही.

"जुन्या लोखंडाला गंज धरत नाही म्हणून रंग नको", यात अर्ध सत्य आहे ते नाइलाजाने मान्य करतो. चांगलं घडीव लोखंड बऱ्याचदा आजच्या माइल्ड स्टीलपेक्षा जास्त तग धरतं. पण लोहस्तंभाचं प्रकरण वेगळं आहे, त्यात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळे वर संरक्षक थर तयार होतो, आयआयटी कानपूरच्या प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी यावर बरंच काम केलंय. तुमच्या फाटकाचा त्याच्याशी काय संबंध? आयफेल टॉवर घडीव लोखंडाच्याच जातीचा आहे, आणि त्याला साधारण दर सात वर्षांनी रंग देतात, एका वेळी ६० टन. गंज धरत नसता तर हा खर्च हौस म्हणून करतायत का?

गंज काढायला कोल्ड्रिंकमध्ये भिजवा, असंही त्यात लिहिलंय, त्याबद्दल मी काही बोलत नाही. एखादा स्क्रू भिजवा हवं तर.

आणि "शेवटी काळा मारा, मूळ रंग काळाच असतो". कुणी सांगितलं? फोटोतला टॉवर १८८९ मध्ये तांबूस-तपकिरी होता, १९०७ मध्ये पिवळसर-तपकिरी झाला, काळा कधीच नव्हता. तुमच्या फाटकाचा मूळ रंग त्याच्याच अंगावर आहे, एका कोपऱ्यात नखाएवढी जागा ओली करून धारदार पात्याने तिरकी खरवडा, थर एकाखाली एक दिसतात.

दादाकडून काल तेवढंच करून घेतलं, मास्क लावून, व्हिडिओ कॉलवर. वर काळा, त्याखाली चॉकलेटी, मग एक पातळ मळकट थर, मग गडद हिरवा. सगळ्यात खाली तोच नारंगी. दादा बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "हिरवं होतं होय? आजोबांनी कधी सांगितलं नाही." कोळशाची पोती अजून अंगणातच आहेत. चुलीच्या विटा मात्र संध्याकाळपर्यंत हलवल्या होत्या.