सुपारी न खाणाऱ्या घरातला अडकित्ता

खरेदीविषयीच्या एका लेखात 'उपयोग सांगता येत नसेल तर वस्तू घेऊ नका' असा सल्ला वाचला; तो मला अजिबात पटला नाही. नाशिकच्या भांडी बाजारातून मी मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता आणला, दिसला आणि घेतला. घरात सुपारी कुणीच खात नाही. पण ती बाकदार मान, पिसाऱ्यावरची बारीक नक्षी! चिंचेने घासला की चिंचेतलं आम्ल काळपट थर विरघळवतं आणि खालचं पिवळंधमक पितळ उजळतं. ते बघायला मुलगी हमखास शेजारी येऊन बसते. कर्ज काढून, हप्त्यावर हौस करू नये, हे मान्यच. पण खिशाला झेपत असेल तर उपयोग कशाला विचारायचा? घडवणाऱ्या कारागिराचं घरही आपल्या या हौसेवरच चालतं ना!