अर्जुनाच्या तोंडी ‘अहिंसा’ हा शब्द नाही

दर एकादशीला संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या दहा-बारा जणी आणि चार-पाच गृहस्थ एकत्र बसून गीताईचा एकेक अध्याय म्हणतात आणि पठण झाले की अर्धा तास त्यावर बोलणे होते. मागच्या फेरीत पहिला अध्याय संपल्यावर एका काकांनी एक प्रश्न विचारला. संस्कृत शिकवण्याच्या तीस वर्षांत मी तो विद्यार्थ्यांकडूनही अनेकदा ऐकला आहे. अर्जुन धनुष्य टाकून सांगत होता की मला राज्य नको, रक्तपात नको, त्यापेक्षा भिक्षा मागून जगणे बरे; मग त्याला पुन्हा लढायला उभे करणाऱ्या गीतेतून अहिंसा कशी काय निघते? मी त्या दिवशी नेहमीचे उत्तर दिले की कुरुक्षेत्र हे माणसाच्या अंतःकरणाचे रूपक आहे. काकांनी मान हलवली, पण त्यांचे समाधान झाले नव्हते आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते.

घरी आल्यावर मी पेन्सिल घेऊन मूळ संस्कृत गीतेची पोथी पुन्हा वाचायला बसले. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या बोलण्यात ‘स्वजन’ हा शब्द चार वेळा येतो. समोर उभे असलेले स्वजन पाहून गात्रे गळतात, स्वजनांना मारून कल्याण दिसत नाही, स्वजनांना मारून सुख कसे लाभेल, राज्याच्या लोभाने आपण स्वजनांना मारायला निघालो, अशी ती चार वाक्ये आहेत. ‘अहिंसा’ हा शब्दही गीतेत चारच वेळा येतो: दहाव्या, तेराव्या, सोळाव्या आणि सतराव्या अध्यायात. या चारही ठिकाणी बोलणारा श्रीकृष्ण आहे. अर्जुन हा शब्द एकदाही उच्चारत नाही. इतकी वर्षे हे श्लोक मला पाठ होते आणि तरीही ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, याचे मला फार वाईट वाटले.

अर्जुनाचा विषाद खोटा होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याचे तोंड कोरडे पडले, अंगाला कापरे भरले, हातातून गांडीव निसटले, हे सगळे खरे आहे. पण याच अर्जुनाने खांडववन जळत असताना बाहेर पळू पाहणाऱ्या प्राण्यांना बाणांनी रोखून आगीत परत ढकलले होते. त्या वणव्यातून अश्वसेन नाग, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिल्ले एवढेच जीव वाचले. त्या वेळी त्याच्या अंगाला कापरे भरल्याचे महाभारत सांगत नाही, कारण तिथे कोणी स्वजन नव्हते. (त्या कृत्यात कृष्णही त्याच्या बरोबरीने होता, हे मी लपवत नाही, महाभारत वाचताना कोणालाच सोयीचे असे पूर्ण उत्तर मिळत नाही.)

ही गाठ विनोबांनी फार पूर्वी सोडवून ठेवली आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली आणि सोबत असलेल्या साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यातल्या पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाची गोष्ट येते. शेकडो अपराध्यांना त्याने फाशी सुनावलेली असते, पण एके दिवशी खुनाच्या आरोपाखाली त्याचा स्वतःचा मुलगा समोर उभा राहतो आणि त्या क्षणापासून फाशीची शिक्षा कशी अमानुष आहे, यावर न्यायाधीश महाराज अत्यंत बिनतोड युक्तिवाद करू लागतात. त्यातला एकेक मुद्दा खरा आहे, पण तो न्यायबुद्धीतून सुचलेला नाही, पुत्रप्रेमातून सुचलेला आहे. विनोबांच्या मते अर्जुनाचे तेच झाले होते. त्याच्यात अहिंसावृत्ती उपजली नव्हती. स्वजनासक्तीने अहिंसेची भाषा उसनी घेतली होती.

हा दृष्टान्त मी वर्गात कितीदा सांगितला याची गणती नाही. तरी तो मला खऱ्या अर्थाने दीड वर्षापूर्वी कळला.

पावसाळ्याचे दिवस होते. पहाटे चारच्या सुमारास खाली आरडाओरडा झाला म्हणून मी गॅलरीत आले. दुचाकीतून पेट्रोल काढताना सतरा-अठरा वर्षांचा एक मुलगा सापडला होता आणि पंपाच्या खोलीच्या गजाला त्याचे हात ओढणीने बांधले होते. मारणारे सगळे माझ्या ओळखीचे होते. त्यातल्या दोघांच्या मुलांना मी दहावीला संस्कृत शिकवले आहे. एकाच्या हातात झाडाला पाणी घालायच्या रबरी नळीचा तुकडा होता आणि तो पाठीवर बसला की होणारा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत स्वच्छ ऐकू येत होता. मी खाली गेले नाही, वरून हाकही मारली नाही. पोलीस येतीलच, आपण एकट्या बाईने काय करायचे, आणि चोरी तर केलीच आहे ना, असे तीन विचार माझ्या मनात एकामागून एक आले आणि मी दार लावून घेतले. मुलाला पोलीस घेऊन गेले तेव्हा त्याची एक निळी चप्पल पंपाच्या खोलीपाशी राहिली. दूध आणायला जाताना ती मला तीन दिवस दिसत होती.

त्यानंतर चार महिन्यांनी माझ्या भाच्याला एका मोर्चाच्या गर्दीत पाठीवर लाठी बसली. मी त्या रात्री दोन वाजेपर्यंत जागून निःशस्त्र माणसावर हात उचलण्याविरुद्ध लांबलचक लेख लिहिला, त्यात गांधीजी आणले, बुद्ध आणला, तुम्हा सर्वांना तो आवडलाही. त्या लेखातले एकही वाक्य मला आज मागे घ्यायचे नाही. पण ते लिहिताना निळी चप्पल मला आठवली नाही, आणि म्हणून तो लेख न्यायाधीशाच्या युक्तिवादासारखाच होता, हे मला आज कबूल केले पाहिजे.

गीता युद्धाला नाही म्हणत नाही, हे गांधीजींनीही प्रांजळपणे मान्य केले होते. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या ‘अनासक्तियोग’ या आपल्या गीतेच्या अनुवादाच्या प्रस्तावनेत ते म्हणतात की शब्दार्थ पाहिला तर युद्ध आणि फलत्याग यांचा मेळ बसतो असे कोणी म्हणू शकेल, पण चाळीस वर्षे ही शिकवण आचरणात आणण्याचा प्रयत्न केल्यावर आपल्याला असे दिसले की अहिंसेचे पूर्ण पालन केल्याशिवाय पूर्ण फलत्याग साधत नाही. मला हे विधान रूपकाच्या उत्तरापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते, कारण यात श्लोकाची ओढाताण नाही. ज्याला फळ हवे असते त्यालाच खोटे बोलावे लागते आणि मारावे लागते, हे त्यांनी जगून पाहिले होते.

त्याच गांधीजींची हत्या करणारा माणूस फाशी जाताना हातात गीता घेऊन गेला. आणि हत्येनंतर माझ्या माहेरच्या सातारा जिल्ह्यात, सांगलीत, कोल्हापुरात ज्यांची घरे जाळली गेली, त्यांतल्या बहुतेकांचा मारेकऱ्याशी जातीखेरीज काहीही संबंध नव्हता. त्या जमावात गांधीजींसाठी खरोखर रडलेली माणसेही असणार, याविषयी मला शंका नाही. आपला माणूस गेल्याचे दुःख खरे होते, आणि त्या दुःखाने परक्याचे घर पेटवताना हात थरथरला नाही.

मग अहिंसा म्हणजे काय, याचे सविस्तर उत्तर आपल्या भाषेत नेवाशाला १२९० साली दिले गेले आहे. तेराव्या अध्यायातल्या ‘अहिंसा’ या एका शब्दावर ज्ञानदेवांनी शंभराहून अधिक ओव्या खर्च केल्या आहेत. धर्माच्या नावाने हिंसा करून तिलाच अहिंसा म्हणणाऱ्यांविषयी ते स्पष्ट बोलतात: हे म्हणजे झाडाच्या फांद्या तोडून त्याच्याच बुंध्याला कुंपण घालणे, किंवा देऊळ पाडून त्याच्या दगडांनी देवाभोवती आवार बांधणे. त्यानंतर अहिंसक माणूस चालतो कसा, हे सांगताना त्यांना कमळाचा केसर चुरगळेल या शंकेने हळूच पाय ठेवणारा भुंगा आठवतो, आणि पिल्लाला तोंडात धरणाऱ्या मांजरीच्या दातांची टोके आठवतात. चालणे, बोलणे, पाहणे, हात हलवणे, असे एकेक करत ते शेवटी मनापाशी पोचतात, कारण मनात जे आधी उगवते तेच पुढे इंद्रियांतून बाहेर येते. या साऱ्या वर्णनात आपला आणि परका असा भेद कुठेही नाही. पायाखाली येणारा किडा कोणाचा, हे तो माणूस विचारत नाही.

कोणी म्हणेल, एवढे कोणाला जमणार? मलाही जमणार नाही. पण चोर सापडला तर त्याला बसवून ठेवावे, पाणी द्यावे, पोलिसांना बोलवावे आणि अंगाला हात लावू नये, एवढे जमण्यासारखे आहे. असा लेखी ठराव मी सोसायटीच्या समितीकडे दिला आहे. दोन सभासदांनी विरोध कळवला आहे. त्यांच्या गाड्यांतूनच त्या रात्री पेट्रोल गेले होते आणि त्यांचा रागही मला समजतो. येत्या रविवारी सकाळी दहाला सभा आहे. त्या पहाटे मी गॅलरीत उभी होते आणि दार लावून आत गेले, हे मी तिथे आधी सांगणार आहे, आणि मग ठराव वाचणार आहे.