‘पाला भरपूर, बटाटे गोट्यांएवढे’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार. आमच्या बटाटा-किटमधलं बेणं कापून त्याच दिवशी त्याच्या फोडी किटमधल्या बॅगेत, पुण्यात गच्चीवर फेब्रुवारीअखेर लावल्या, दोन फोडी कुजल्या, उरलेल्यांना रोज दोनदा पाणी आणि दर आठवड्याला युरिया देऊनही गोट्यांएवढेच बटाटे निघाले, म्हणून बेणं आणि बॅग दोन्ही फसवी, असं तुम्ही लिहिलंय. मेहनत वाया गेल्याचं वाईट वाटलं. पण बेणं खराब असतं तर एवढा पाला आलाच नसता.

बटाटा पोसायला गारवा लागतो. रात्रीचं तापमान २० अंशांखाली असलं की कंद चांगले धरतात. माती ३० अंशांच्या आसपास तापली की धरणं जवळजवळ थांबतं. शेतात माती खाली गार राहते. बॅग मात्र चहूबाजूंनी तापते, शिवाय खालून स्लॅबची धग. त्यात युरियाचं नत्र, म्हणून सगळा जोर पाल्यात गेला.

फोडी कापून त्याच दिवशी लावल्या, म्हणून कुजल्या. ४०-५० ग्रॅमची, दोन-तीन डोळ्यांची फोड दोन-तीन दिवस सावलीत ठेवा. कापलेला भाग सुकून कडक झाला की लावा. कोंब वर येईपर्यंत पाणी बेतानंच. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच द्या.

आता लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत करा. १५ बाय १५ इंची बॅगेत दोनच फोडी. बॅग विटांवर ठेवा, म्हणजे तळाची पाणी निघून जायची भोकं मोकळी राहतात. माती, कोकोपीट, गांडूळखत साधारण सारखं, वर मूठभर निंबोळी पेंड, युरिया नको. तळाला सहा इंच मिश्रण, त्यावर डोळे वर करून फोडी, वर तीन-चार इंच माती. रोप वीतभर झालं की शेंडा उघडा ठेवून बुंध्याशी मातीची भर घाला, पंधरवड्यानं पुन्हा. भर न घातल्यास उघडे पडलेले बटाटे हिरवे होतात. ते खाऊ नका. बॅग उंच केली की थरावर थर बटाटे लागतात, असं व्हिडिओत दाखवतात. किटमधल्या कुफरी पुखराज या जातीला तसे लागत नाहीत.

८०-९० दिवसांनी पाला पिवळा पडला की पाणी तोडा, आठ-दहा दिवसांनी बॅग उपडी करा. बॅगेला किलो-सव्वा किलो निघाले तर पीक चांगलं समजा.

जुन्या मातीत पुन्हा बटाटा, टोमॅटो, वांगी नकोत; मेथी लावा. बॅगेची शिवण उसवली असेल तर फोटो पाठवा, बॅग बदलून देऊ.