सरकारी वकील व्हायचं म्हणतोस? बस, तर्री पोहे सांगतो

भाऊ, एलएलबी झालं म्हणून लगेच धरमपेठेत खोली घेऊन पाटी ठोकू नको, चेक बाउन्स अन् फारकतीच्या तारखा करता करता टक्कल पडते. डायरेक्ट दिल्लीचं पाय. आपल्या नागपूरचे हरीश साळवे १९९९ ते २००२ सॉलिसिटर जनरल (केंद्र सरकारचे दोन नंबरचे वकील) होते, म्हणजे संत्र्याच्या गावाला त्या खुर्चीचं वावडं नाही (त्यांच्यासारखा अभ्यास पण लागते म्हणतात, ते नंतर पाहू).

अॅटर्नी जनरल म्हणजे केंद्र सरकारचा एक नंबरचा वकील, त्याच्यासाठी घटनेत कलम ७६ आहे. देशातल्या कोणत्याही कोर्टात उभं राहता येते, संसदेत बोलता येते, फक्त मत देता येत नाही. आणि राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत खुर्ची. ही मर्जी खरी कोणाची हे पण मीच सांगायचं असेल तर बाप्पा, तू आपला नोटरीच हो. सॉलिसिटर जनरलचं घटनेत नावच नाही, पण बातम्यांत त्याचाच फोटो.

आता खरी विद्या ऐक. जजसाहेबांनी अडचणीचं विचारलं की सावकाश चष्मा काढायचा, मागे वळून ज्युनिअरकडे पाहायचं, तो उगाच फाईल चाळून राहिला असते, त्यालाही घंटा माहीत नसते, मग गाऊन सावरत म्हणायचं, "माय लॉर्ड, इन्स्ट्रक्शन्स घेऊन सांगतो." झाले दोन आठवडे! पुढच्या तारखेला मामला संवेदनशील आहे म्हणून बंद पाकीट, म्हणजे कागद फक्त जजसाहेबांनी पाहायचे, समोरच्या पार्टीनं नाही. पाकीट जरा जपून बरं, २०२३ मध्ये मीडियावन या मल्याळम न्यूज चॅनलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानंच त्याच्यावर ताशेरे ओढले.

अन् हरायचं टेन्शन काहून घेतो? २०१५ मध्ये सरकारतर्फे कोर्टात ठासून सांगितलं की प्रायव्हसी हा मूलभूत हक्कच नाही. २०१७ मध्ये ९ जज बसले, सगळे एकमतानं म्हणाले, आहे. त्याच दिवशी कायदामंत्र्यांनी निकालाचं स्वागत केलं, आमचंही मत हेच होतं म्हणे! ज्यानं दोन वर्षं घसा कोरडा केला तो कोणाकडून भांडत होता मग?

प्रॅक्टिस मात्र घरूनच सुरू कर. मी केली. बायकोनं विचारलं, लाइट बिल भरलं का. चष्मा काढला, मागे पाहिलं, मागे फ्रिज होता, म्हटलं इन्स्ट्रक्शन्स घेऊन सांगतो. तारीख काही भेटली नाही, तिनं जागच्या जागी ऑर्डर काढली, महिनाभर सावजी बंद.